कृषी सहायक ताईंना, वाडीकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

वाडीत आलात तेव्हा औषधाची बाटली उघडण्याआधी तुम्ही पान उलटं केलंत आणि भिंग लावलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, हे परसात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण त्याच कापसात फिरणारी, अंगावर मेणाचे लांब झुबके असलेली अळी पिठ्याची नसून त्याला खाणाऱ्या ढालकिड्याची, हे तुम्ही दाखवलंत. काडी लावली की पिठ्या जेमतेम हलतो, ही अळी मात्र भराभर सरकते. ती दिसली की फवारणी थांबवायची आणि फक्त मुंग्या अडवायच्या, कारण चिकट गोडव्यासाठी त्या पिठ्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. बुंध्याला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावायचं. गडग्याला टेकलेली फांदीही छाटायची, नाहीतर मुंग्यांना दुसरी वाट आहेच.

अळी नसेल तर भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचे. मग १ लिटर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली पातळ साबण. आधी तेल-साबण घोटायचं, मग थोडं थोडं पाणी. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं. सुरुवातीला नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटच्या झाडावर निव्वळ तेल बसून पानं करपतात. उन्हं उतरल्यावर, पानांच्या पोटाला आणि पेरांत मारायचं. अंड्यांच्या कापसी पिशवीत औषध शिरत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा.

माडाखालच्या केळीवरच्या काजळीचं मूळ केळीत नव्हतंच! वर झावळांच्या पोटाशी चक्राकार पांढरी माशी बसली होती. आपल्या देशात ती २०१६ साली पहिल्यांदा आढळली. तिचा चिकटा खाली गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. तिथे जालीम औषध नको, हे तुमचं म्हणणं सुरुवातीला कुणाला पटेना. पण माशीची काळी पडलेली पिल्लं म्हणजे आत एन्कार्सिया ही चिमुकली परजीवी गांधीलमाशी वाढतेय. औषधाने आधी तीच मरते. म्हणून झावळांवर पाण्याचा जोरदार फवारा, आणि काजळीवर १ टक्का स्टार्चचं पाणी. वाळलं की पापुद्र्यासकट काजळी सुटते.

माडाचा कोंभ पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याला आवरण्यासाठी शेणखड्डा उपसून त्याच्या पांढऱ्या अळ्या वेचायचं काम चालू आहे. कोंबड्या खूश आहेत.

आपल्या,
वाडीतल्या परसबागवाल्या