क्र्वा द फेरच्या चढावर ट्यूब देणाऱ्या दादांना

दादा, तुमचं नाव मी विचारलंच नाही, त्यामुळे पत्र कुणाच्या नावाने लिहायचं इथेच गाडी अडली, मग म्हटलं त्या दिवशी दादा म्हणत होतो तर आताही दादाच.

ओळख पटावी म्हणून सांगतो. १० जुलै २०२२, फ्रान्समधली एताप द्यु तूर ही सायकल राइड. क्र्वा द फेरच्या चढावर, सँ-सोर्लँ गावाच्या जरा अलीकडे रस्त्याच्या उजव्या कडेला एक जण सायकल उलटी करून बसला होता आणि "आई गं, आता हे काय नवीन" असं मोठ्याने स्वतःशीच बडबडत होता, तो मी. पाच मिनिटांत शेकडो लोक गेले असतील बाजूने, काही "ओके?" विचारून पुढे जात होते, आणि मागून एकदम मराठीत "पंक्चर का रे?" खरं सांगतो, ऊन डोक्यात गेलं आणि भास व्हायला लागले असंच वाटलं मला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टूर द फ्रान्सचा एक टप्पा दरवर्षी आपल्यासारख्या हौशी लोकांना रस्ते बंद करून चालवायला देतात, १९९३ पासून चालू आहे हे. त्या वर्षी ब्रियाँसाँ ते आल्प द्युएझ होतं, १६७ किलोमीटर आणि एकूण चढ साधारण ४७०० मीटर. गालिबिए, क्र्वा द फेर आणि शेवटी आल्प द्युएझ. कागदावर तीन नावं दिसतात फक्त, मध्ये व्हालवार गावानंतर टेलिग्राफचा छोटा चढ असतो तो कुणी मोजतच नाही, पायांना मात्र बरोबर कळतो.

माझं सकाळपासूनच बिनसलं होतं. सुटलो मागच्या गटातून, म्हणजे कट ऑफला, ठरलेल्या वेळेच्या मर्यादेला, हाताशी वेळ आधीच कमी, लोतारेच्या खिंडीपर्यंत समोरून वारा, २६४२ मीटरवर गालिबिएला पोचलो तेव्हा बोटं गार आणि उतरताना पहिलं पंक्चर. पहिली ट्यूब तिथे संपली. दुसरी होती ना, पण ती माझ्या जुन्या चाकांची, वॉल्व्ह ४८ मिलीमीटरचा आणि रिम ५० खोल! पंप लावायला वॉल्व्ह बाहेरच येईना. आदल्या रात्री तीनदा बॅग तपासली होती मी, जेल मोजले, मोजे मोजले, वॉल्व्ह बघितला नाही.

तुम्ही उतरलात, सायकल कठड्याला लावली आणि ट्यूब काढायच्या आधी माझा मागचा टायर हातात घेऊन आतून बोट फिरवलंत, हळूहळू, पूर्ण गोल. मी तर घाईघाईत नवीन ट्यूब कोंबली असती. साइडवॉलला नखाएवढी चीर सापडली, त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. मला वाटलं संपलं, आता बसायचं मागे राहिलेल्यांना उचलणाऱ्या झाडूवाल्या गाडीत. तुम्ही जर्सीच्या मागच्या खिशातून पाच युरोची नोट काढलीत, चार घड्या घातल्यात आणि चिरेच्या आतून लावलीत. "कागद नाही हा, कापूस आहे, सहज फाटत नाही" हे वर. मग तुमची लांब वॉल्व्हची ट्यूब आत गेली आणि त्या एवढ्याशा पंपाने हवा भरायला लागलो आपण, शंभर तुम्ही, शंभर मी, मला धाप लागली की पुन्हा तुम्ही. "ऐंशीच्या वर नेऊ नकोस, नोट बाहेर डोकवेल."

आता जे सांगायचं राहिलंय ते. मी विचारलं होतं, "तुमच्याकडे दुसरी आहे ना?" आणि तुम्ही "आहे आहे" म्हणालात. पण तुमची सीटखालची बॅग उघडीच होती दादा. आत दोन लिव्हर आणि एक रबरबँड, बाकी काही नाही. मी बघितलं होतं. बघून गप्प बसलो, कारण मला पुढे जायचं होतं. थँक्यू म्हटलं आणि सायकलवर बसलो.

त्यात तुमची वीसेक मिनिटं तरी गेली असतील. क्र्वा द फेर २९ किलोमीटर, सरासरी ५.२ टक्के, ही सरासरी शुद्ध फसवणूक आहे, मध्ये सपाट आणि उतार येतो म्हणून आकडा गोड दिसतो, बाकी जिथे चढ आहे तिथे नऊ-दहा टक्के सरळ छातीवर. सँ-सोर्लँच्या पुढे मांडीत गोळे यायला लागले तर तुम्ही पुढे राहिलात, मला म्हणालात वर बघू नकोस, माझ्या मागच्या चाकाकडे बघ आणि एक गिअर हलका ठेव. तुमच्या फिकट निळ्या जर्सीचा कोपरापाशी शिवलेला टाका मला अजून पाठ आहे, इतका वेळ मी तोच बघत होतो. उतारावर माझ्या टायरसाठी तुम्ही वेग कमी ठेवलात, दर थोड्या वेळाने मागे वळून "नोट आहे ना जागेवर?"

आल्प द्युएझच्या पायथ्याशी, बुर्ग द्वाझाँला पाण्यापाशी तुम्ही म्हणालात, "तू हो पुढे, मी बाटल्या भरून आलोच." मी झालो पुढे.

आल्प द्युएझबद्दल काय सांगू, १३.८ किलोमीटर, पहिले दोन तर दहा टक्क्यांचे, आणि २१ वळणांना उलटे आकडे, २१ पासून सुरू होऊन एकवर संपतात. प्रत्येक वळणावर तिथे जिंकलेल्यांची नावं, १९५२ च्या फाउस्तो कोप्पीचं अगदी खाली २१ नंबरला. मी पाच वळणं चढलो, दोन वळणांवर उतरून बसलो, सात नंबरच्या, डच प्रेक्षक गर्दी करतात त्या वळणावर कुणीतरी पाठीवर पाणी ओतलं तेव्हा रडू येतंय का घाम तेही कळेना. पोचलो. अकरा तासांच्या वर लागले. चार दिवसांनी ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉक टूरमध्ये याच रस्त्याने पाच तासांच्या आत पोचून जिंकला, टीव्हीवर गालिबिएचा त्याचा उतार बघताना मी सोफ्याचं हँडल घट्ट धरून बसलो होतो.

वर मी कठड्याला टेकून तुमची वाट बघितली. तासभर. निळी जर्सी दिसली की उभा राहायचो, दर वेळी दुसरंच कुणीतरी. थंडी वाजायला लागली तसा खाली गेलो. तुम्हाला पंक्चर झालं का, गाडीत बसावं लागलं का, की माझ्या आधीच कुठूनतरी वर येऊन गेलात, मला आजपर्यंत माहीत नाही.

हॉटेलवर टायर काढला तर नोट तशीच होती, फक्त घडीवर टायरची काळी रेघ उमटलेली. ती खर्च केली नाही. तुमच्यासाठी ट्यूब पण घेऊन ठेवली आहे, ८० मिलीमीटर वॉल्व्हची, दोनदा मोजून. कुठे पाठवू ते कळवा. आणि दादा, त्या दिवशी वर पोचलात का, तेवढं सांगा.