बाबा, गाडीतून उतरायचं नाही

प्रिय आई, प्रिय बाबा,

रविवारी कॉलवर बाबा मधेच उठून आत गेले ते परत स्क्रीनसमोर आलेच नाहीत, आणि आई तू नुसती पदराने डोळे पुसत बसलीस, तेव्हाच मी ठरवलं की हे फोनवर बोलून होणार नाही, नीट लिहूनच पाठवायचं. दादाने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. माझ्याकडे पिस्तूल आहे, लायसन्स आहे, आणि कामावरून येता-जाता ते गाडीत असतं. मी स्वतः सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, ही माझी चूक. पण तुम्ही डिसेंबरमध्ये सहा महिन्यांसाठी इकडे टेक्सासला येताय, माझ्याच गाडीत बसणार आहात, म्हणून आता सगळंच सांगते.

आधी का घेतलं ते. मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या फार्मसीत रात्री बंद करायच्या वेळेला दोन माणसं आली, एकाच्या हातात पिस्तूल, त्यांना पेनकिलरच्या स्ट्राँग गोळ्या हव्या होत्या. आम्ही दिल्या, ती गेली, कुणाला काही झालं नाही. तुम्हाला तेव्हा म्हटलं होतं ना की ताप आलाय म्हणून चार दिवस फोन जमणार नाही, तेच ते चार दिवस. त्यानंतर अंधारात पार्किंगमधून गाडीपर्यंत चालायलाच भीती वाटायला लागली, घर पन्नास मैलांवर, मधे निम्मा रस्ता शेतांतून, फोनला रेंज पण नाही. मिलिंदचा सुरुवातीला विरोधच होता. मग आम्ही दोघांनी मिळून पिस्तूल जवळ बाळगायच्या, म्हणजे ‘कॅरी’च्या, लायसन्सचा क्लास केला, लेखी परीक्षा दिली, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या टार्गेटवर मारून दाखवल्या, बोटांचे ठसे दिले. ग्रीन कार्ड आहे म्हणून हे जमलं, एच-वन व्हिसावाल्यांना तर साधारणपणे बंदूक हातातसुद्धा धरता येत नाही, तो फेडरल गुन्हा आहे (चिन्मयला हे नक्की सांगा, तो इथे आल्यावर शूटिंग रेंजवर जाऊ म्हणून मागे लागलाय).

बाबा, तुम्हाला आठवतंय, थोरल्या काकांची बारा बोअरची बंदूक? रानडुकरांसाठी होती, आणि इलेक्शन लागलं की ती जुन्या धोतरात गुंडाळून सायकलला बांधून काका तालुक्याच्या पोलीस स्टेशनला जमा करायला जायचे, तुम्ही मागे कॅरियरवर. फौजदार चहा पाजायचे, पावती द्यायचे. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली आहे की मला तो चहा पण डोळ्यांसमोर दिसतो. तिथे कुणाकडे बंदूक आहे ते कलेक्टर ऑफिसला माहीत, फौजदाराला माहीत, अख्ख्या गावाला माहीत. टेक्सासमध्ये अगदी उलट आहे. इथे बंदुकांची सरकारी नोंदच नसते, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांच्या पुढच्या बहुतेक माणसांना कमरेला पिस्तूल लावून फिरायला लायसन्स पण लागत नाही. म्हणजे रात्री हायवेवर एकटा पोलीस एखादी गाडी थांबवतो तेव्हा आत पिस्तूल असेलच असं धरूनच तो चालत येतो. तो घाबरलेला असतो आणि आतला माणूस पण घाबरलेला असतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं समजतं.

आता ऑगस्टमधली रात्र. मी आणि ईशान परत येत होतो, साडेदहा वाजले असतील, आणि आरशात लाल-निळे दिवे दिसले. स्पीड तर जास्त नव्हता. मी इंडिकेटर दिला, हळूहळू उजवीकडे रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, इंजिन बंद, आतला दिवा चालू, चारही काचा खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला, बोटं पसरून. ईशानला म्हटलं, हात मांडीवर ठेव आणि मी सांगेपर्यंत काही उचलू नकोस, आयपॅड पण नाही. आठ वर्षांच्या पोराला हे सांगताना माझा आवाज कसा येत होता मलाच माहिती. ट्रूपर, म्हणजे इथला हायवे पोलीस, माझ्या बाजूने न येता पलीकडच्या खिडकीशी आला, टॉर्च आधी मागच्या सीटवर, मग माझ्या हातांवर. म्हणाला, मॅम, तुमची डावी टेललाइट बंद आहे.

टेललाइट म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. का ते सांगते, पण आधी हे संपवते. क्लासमध्ये आमच्या सरांनी एक गोष्ट दहा वेळा घोकून घेतली होती, की ‘गन’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला काढायचा नाही, कारण तो एकच शब्द ऐकू येतो आणि बाकीचं सगळं वाहून जातं. आधी लायसन्स म्हणायचं, मग वस्तू कुठे आहे ते, मग विचारायचं की आता मी काय करू. मी तसंच म्हटलं, की सर, माझ्याकडे कॅरीचं लायसन्स आहे, ते ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर पर्समध्ये आहे, पिस्तूल दोन सीटांमधल्या कन्सोलच्या कप्प्यात बंद आहे, मी हात हलवू का? लायसन्सवाल्याजवळ पिस्तूल असेल आणि पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर दोन्ही कार्डं दाखवायची असा इथला कायदाच आहे. तो एक क्षण गप्प झाला. मग म्हणाला, ठीक आहे मॅम, तुम्ही तुमचीला हात लावू नका, मी माझीला लावत नाही. पर्स अगदी हळू उघडायला सांगितली, कार्डं घेतली, गाडीकडे जाऊन चेक केलं, परत आला, टेललाइटसाठी नुसती वॉर्निंग लिहून दिली, आणि ईशानला गुडनाइट म्हणाला. सगळं मिळून अकरा मिनिटं. तो गेल्यावर मला गिअर टाकता येईना इतके पाय लटपटत होते. ईशान म्हणाला, आई, त्याचा टॉर्च हलत होता.

गाडीचे कागद मी आता वरच्या सन-व्हायझरला लावलेत. पूर्वी कन्सोलमध्येच असायचे, पिस्तुलाच्या शेजारी. क्लासमध्ये हेच सांगितलं होतं की कागद आणि हत्यार एका ठिकाणी कधी ठेवू नका, पण अंगात शिरायला ती रात्र लागली.

टेललाइटचं आता. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात, सेंट पॉलच्या शेजारी फॉल्कन हाइट्स नावाच्या गावात, फिलँडो कॅस्टिल नावाच्या माणसाला पोलिसांनी थांबवलं. बत्तीस वर्षांचा, शाळेच्या कॅफेटेरियात सुपरवायझर, कुठल्या मुलाला कशाची अॅलर्जी आहे ते त्याला पाठ होतं असं त्याच्या बरोबरचे लोक सांगायचे. थांबवताना कारण सांगितलं टेललाइटचं, पण पोलीस त्याआधी रेडिओवर म्हणाला होता की हा एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, त्याचं नाक रुंद आहे म्हणून. तो काळा होता, बाबा, आणि ते बाजूला ठेवून ही गोष्ट सांगताच येत नाही. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. त्याच्याकडे कॅरीचं परमिट होतं. इन्शुरन्सचं कार्ड त्याने दिलं आणि मग सर म्हणून अगदी शांतपणे सांगितलं की मला तुम्हाला सांगायला हवं, माझ्याकडे फायरआर्म आहे. पोलीस म्हणाला मग त्याला हात लावू नकोस, तो म्हणाला मी काढत नाहीये, ती पण म्हणाली तो काढत नाहीये, आणि काही सेकंदांत सात गोळ्या. त्याच पोलिसाने आधी लायसन्स मागितलेलं होतं, त्यामुळे कॅस्टिल नेमकं काय काढत होता यावरच पुढे सगळी केस चालली. मैत्रिणीने लगेच फेसबुकवर लाइव्ह केलं म्हणून जगाला कळलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

आई, पोलिसांनी थांबवलं तर ते सांगतील तसं करायचं, हे त्याच्या आईने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. ती स्वतःच नंतर टीव्हीवर म्हणाली. मला ते वाक्य जात नाही डोक्यातून, कारण मी पण ईशानला तेच शिकवतेय.

आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ जुलैला, इथे डॅलसमध्ये याच गोष्टींच्या निषेधाचा मोर्चा होता, त्यात एकाने बंदूक चालवून पाच पोलिसांना मारलं. आम्ही तेव्हा आयर्विंगला राहत होतो, तू रात्रभर फोन करत होतीस ना आई, तीच रात्र. त्या मोर्चात रायफल खांद्याला लावून कायदेशीरपणे आलेला एक माणूस होता, पोलिसांनी त्याचा फोटो संशयित म्हणून ट्विटरवर टाकला, त्याने स्वतः जाऊन रायफल पोलिसांकडे दिली, नंतर त्याला सोडलं. त्याचा काही संबंधच नव्हता. मी दोन्ही बाजू बघितल्यात, बाबा. ट्रूपरचा टॉर्च का हलत होता ते मला कळतं. आणि कायदा पाळला की सगळं ठीक होतं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण कॅस्टिलने पाळला होता.

आता तुमचं. बाबा, तुम्ही आयुष्यभर स्कूटर चालवलीत, कधी हवालदाराने शिट्टी मारली की तुम्ही काय करायचात? गाडी स्टँडला लावून, उतरून, खिशातून पाकीट काढत साहेबांकडे चालत जायचात, काय झालं साहेब म्हणत. आपल्याकडे तो मान आहे, बसून राहिलं तर उद्धटपणा वाटतो. इथे नेमकं हेच सगळ्यात धोक्याचं. दार उघडून कुणी खाली उतरलं आणि हात खिशात गेला की इथल्या पोलिसाला पाकीट दिसत नाही. म्हणून मी गाडी चालवत असेन, मिलिंद असेल, कुणीही असो, मागे दिवे लागले की उतरायचं नाही. हात मांडीवर, दिसतील असे. पट्टा पण सोडायचा नाही. त्याने उतरा म्हटलं तरच उतरायचं, आणि तो तसं म्हणू शकतो, १९७७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पोलिसांना चालकाबाबत तो अधिकार दिला आणि १९९७ मध्ये गाडीतल्या बाकीच्यांबाबतही, त्या पहिल्या केसमध्ये पण उतरलेल्या माणसाच्या जॅकेटखाली फुगवटा दिसला आणि आत रिव्हॉल्व्हर निघालं होतं. इथे टेक्सासमध्ये २०१७ च्या एका कायद्यामुळे नववीपासूनच्या मुलांना पोलिसांनी थांबवलं तर कसं वागायचं ते शाळेत शिकवतात, शेजारची मुलगी शिकलीय, म्हणजे मी काही जास्तीची काळजी करत नाहीये.

आई, तुझी पर्स पायाशी ठेवायची आणि त्या वेळी तिला हात लावायचा नाही. तुला घाबरलं की पर्समधून वेलदोड्याची डबी काढायची सवय आहे, मी लहानपणापासून बघतेय. तेव्हा नाही काढायची. आणि मराठीत आपापसात मोठ्याने बोलायला लागायचं नाही, मला पोलिसाचं ऐकू येऊ दे.

दुसरं, बाबांचं सकाळचं फिरणं. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसनला सुरेशभाई पटेल म्हणून एक गृहस्थ गुजरातहून मुलाकडे नातू सांभाळायला आले होते, सकाळी फुटपाथवर फिरत होते, कुणीतरी फोन केला, पोलीस आले, इंग्लिश येत नव्हतं, आणि एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मानेला मार लागून अंग लुळं पडलं. सत्तावन्न वर्षांचे होते, बाबा, तुमच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. त्या पोलिसाला शिक्षा झाली नाही. तुमचं इंग्लिश चांगलं आहे मला माहितीये, पण कान? तुम्हाला मागून कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही आणि तुम्ही तसेच पुढे चालत राहता. मी तुमच्यासाठी एक कार्ड छापून घेतेय, त्यावर माझं नाव, नंबर आणि ‘कमी ऐकू येतं’ असं लिहिलेलं, ते गळ्यात लावूनच फिरायला जायचं, खिशात नाही. लाज वाटली तरी लावायचं.

माझं मी ठरवलंय की तुम्ही दोघं असताना पिस्तूल गाडीत ठेवायचं नाही, घरच्या तिजोरीत कुलूपबंद राहील. मिलिंद म्हणतो रात्री एकटी येताना काय, तर तेवढे सहा महिने मी शिफ्ट बदलून मागितली आहे. न्यू जर्सीला मावशीकडे जाऊ तेव्हा तर नेण्याचा प्रश्नच नाही, तिकडे टेक्सासचं लायसन्स चालतच नाही, आणि तिथे सापडलं तर सरळ अटक होऊ शकते. तुम्ही परत गेल्यावर पुढे ठेवायचं की विकायचं, ते आपण समोरासमोर बसून बोलू. तुम्ही नको म्हणालात तर मी ऐकेन असं वचन देत नाही, पण तुमचं पूर्ण ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. बाबांनी फक्त उठून जायचं नाही.

एक राहिलं. बाबा, कानाचं मशीन तुम्ही घरात काढून ठेवता, फक्त लग्नकार्याला घालता. इथे गाडीत बसताना दोन्ही कानांत हवं, शेजारच्या दुकानापर्यंत जरी जायचं असलं तरी, कारण तो पोलीस एकदा सांगेल, दुसऱ्यांदा सांगेल, तिसऱ्यांदा काय होईल मला माहीत नाही. आई, त्याचे सेल सहा महिन्यांचे घेऊन ये, नंबर डबीवर लिहिलेला असतो, आणि ते हँडबॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको.

तुमची,
माऊ