अप्रेझल वर्षातून एकदाच कशाला?

संपादक महोदय,

मार्चअखेर आटोपली की अंधेरीपासून लोअर परळपर्यंतच्या कार्यालयांत एकच विषय असतो: अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन. फॉर्म भरायचा, साहेबांसमोर अर्धा-पाऊण तास बसायचे आणि इन्क्रिमेंटच्या पत्राची वाट पाहायची. या फॉर्मात वर्षभराचे काम उतरत नाही, शेवटचे दोन-तीन महिने तेवढे उतरतात. जुलैतल्या धो धो पावसात गाड्या बंद असताना वेळेत गेलेली निविदा मार्चमध्ये कुणाला आठवणार? आणि जूनमधली चूक एप्रिलमध्ये सांगितली, तर तोवर तिची सवय झालेली असते.

मग 'लोकांचे कामात मन नाही' म्हणून सहली निघतात, केक कापले जातात. त्यापेक्षा प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून वीस मिनिटे बोलावे. आठ जणांच्या टीमला पंधरवड्यात १६० मिनिटे लागतात, म्हणजे तीन तासांहूनही कमी. एका लीडरच्या हाताखाली पंधरा-वीस माणसे असतील, तर हे जमणार नाही; आधी टीम विभागावी लागेल. वेळ मंगळवार-बुधवारची, सकाळी अकराच्या सुमाराची बरी. शुक्रवारी संध्याकाळी समोरच्याचे निम्मे लक्ष लोकलकडे असते.

बोलायचे कसे, यावर सगळे अवलंबून आहे. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या (कामाबद्दल माणसाला सांगितलेल्या मतावरच्या) प्रयोगांतले ६००हून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारले होते, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते उलट बिघडले होते. बोलणे कामावरून घसरून माणसावर गेले की फायदा आटतो, असे त्यांचे म्हणणे. 'तू निष्काळजी आहेस' हे ऐकून माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. 'मंगळवारच्या बिलात जीएसटी दोनदा धरला गेला, म्हणून ग्राहकाने पैसे अडवले. पाठवण्याआधी बेरीज कोण तपासेल?' असे विचारले की तो बिलाकडे बघतो. शाबासकीलाही हेच लागू. नुसते 'छान' म्हणून काय छान झाले ते कळत नाही.

वीसपैकी पहिली दहा मिनिटे कर्मचाऱ्याने बोलावे आणि साहेबांनी 'काम कुठे अडते?' एवढेच विचारावे. शेवटी वहीत दोन ओळी लिहाव्यात: कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. पुढची भेट याच ओळींपासून सुरू करावी. प्रिंटर महिनाभर नादुरुस्त आहे हे तीनदा सांगूनही तो तसाच राहिला, तर चौथ्यांदा कुणी तोंड उघडत नाही. बहुतेक ठिकाणी हा उपक्रम मोडतो तो इथेच. पगाराचा विषय या भेटीत आणू नये. तो निघाला की बाकी काही ऐकू येत नाही. कानउघाडणी व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कधीच करू नये.

कर्मचाऱ्यांचे मत अजमावणाऱ्या निनावी सर्वेक्षणाबाबतही सावध राहावे. चार जणांच्या टीममध्ये 'निनावी' उत्तर कुणाचे, हे सहज ओळखता येते. इतक्या लहान गटाचे निकाल वेगळे दाखवू नयेत.

कामाबद्दलचे मत कर्मचाऱ्याला सांगायचे की नाही, हा प्रश्न सरकारी नोकरीत न्यायालयापर्यंत गेला आहे. २००८ मध्ये देवदत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोपनीय अहवालातला (साहेबांनी दरवर्षी लिहायच्या मूल्यमापनातला) प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, मग तो वाईट असो वा चांगला. त्या प्रकरणात 'चांगला' हा शेराच बढतीच्या आड आला होता, कारण निकष 'अतिशय चांगला' असा होता. शेरा कळवलाच नव्हता, तर त्याविरुद्ध दाद मागणार कशी? खासगी कार्यालयांनीही हा निवाडा वाचावा.

आणखी एक. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, डेटा एंट्रीची मुले कंत्राटी असतात, म्हणून त्यांना या भेटींतून वगळले जाते. चूक झाली की मात्र त्यांना सुनावायला सगळे पुढे असतात. वीस मिनिटे जमत नसतील, तर पाळी बदलताना दहा मिनिटे, चारचौघांपासून जरा बाजूला, त्यांच्याशीही बोलावे आणि वहीत त्यांच्याही नावाचे पान असावे.

— मनुष्यबळ विभागातील एक कर्मचारी, मुलुंड, मुंबई