'घरभाडे वाढले' म्हणजे कोणते भाडे?

संपादक महोदय,

घरभाडे अमुक टक्क्यांनी वाढले, अशी बातमी येते तेव्हा ते भाडे कोणते, हे सहसा लिहिलेले नसते. राहत्या भाडेकरूचे, नव्या कराराचे, की रिकाम्या घरासाठी मालक सांगतो ते? तिसरा आकडा बाजार फिरला की लगेच हलतो, म्हणून बातमीला सोयीचा. पण मोजायला तोच अवघड.

रिकाम्या घरात उत्तर द्यायला कोणी नसते. माहिती मालकाकडून, दलालाकडून नाहीतर शेजाऱ्याकडून घ्यावी लागते, आणि शेजाऱ्याचा आकडा ऐकीव. त्यात वीज-पाणी, देखभाल, फर्निचर धरले आहे का, हे विचारावेच लागते. नुसते कुलूप लावून ठेवलेले किंवा करार होऊन भाडेकरू यायचा बाकी असलेले घर या हिशेबात नको.

खरी गोम वेगळीच आहे. समजा, दर आठवड्याला दहा स्वस्त आणि दहा महाग घरे बाजारात येतात. स्वस्त घर आठवड्यात जाते, महाग आठ आठवडे पडून राहते. मग पाहणीच्या दिवशी दहा स्वस्त घरांमागे ऐंशी महाग सापडतात आणि मध्यक, म्हणजे भाडी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे भाडे, महागाकडे सरकतो. फक्त महिन्याभरात रिकामी झालेली घरे घेतली तरी प्रमाण दहाला चाळीस राहते. आठवड्याभरातलीच घेतली तर दहाला दहा. म्हणून घर कधीपासून रिकामे आहे, हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या रिक्त घरांच्या पाहणीत तो असतो.

मात्र अशी गाळणी लावली की नमुना आटतो. मुळात 5,000 पत्त्यांपैकी तिसरा हिस्सा भाड्याचा आणि त्यातली 7 टक्के घरे रिकामी धरली, तर हाती येतात जेमतेम 120 घरे. भाड्यांत नेहमीची तफावत असेल, तर एवढ्या घरांचा मध्यक दहाएक टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. अशा पाहणीवरून तिमाहीत तीन टक्के वाढ झाली म्हणणे धाडसाचे आहे. बातमीत घरांची संख्या आणि त्रुटीची मर्यादा छापावी, एवढी विनंती.

संकेतस्थळांवरच्या जाहिराती हजारोंनी मिळतात, हे खरे. पण तिथे एकच घर तीन दलाल टाकतात आणि गेलेल्या घराची जाहिरात तशीच राहते.

– एक वाचक