सोसायटीचे गटसचिव आण्णा, तुमचे आभार मानायचे राहिले होते

आण्णा, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असूदे की, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या तासगाव भागात बागेसाठी कर्ज न काढलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळं चार लोकांच्या उपयोगी पण पडेल.

बागेचं कर्ज फिटलं, बँकेनं नील दाखला (काही बाकी नाही असा) दिला आणि सोबत एक इंग्रजी पत्र, त्यात 'रिलीज ऑफ चार्ज' असं लिहिलेलं. पप्पांनी रिलीज वाचलं आणि सातबाऱ्यावरनं बँकेचं नाव काढायच्या तलाठ्याकडच्या अर्जावर सहीच करायला तयार होईनात. आमच्या घरात हा शब्द त्याआधी एकदाच आलेला, आत्यानं रिलीज डीड करून दिलं तेव्हा, आणि त्यानंतर उताऱ्यावरनं तिचं नाव गेलं, त्यामुळं रिलीजवर सही केली की जमीन गेली हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घरातल्या सगळ्यांनी सांगून बघितलं पण ऐकतील तर शपथ.

तुम्ही आलात आणि एवढंच म्हणालात, "सोडतंय कोण, ते बघा." आत्याच्या कागदात आत्या आपला हक्क सोडत होती, म्हणून ते हक्कसोडपत्र, दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं. ह्या कागदात सोडणारी बँक आहे, ती तिचा बोजा, म्हणजे कर्जापोटी जमिनीवर असलेला तिचा हक्क, सोडतीय, आपलं काहीच जात नाही. आणि चार्ज म्हणजे इथं फी नव्हे, तोच बोजा. पप्पांनी तिथंच पेन मागितलं! नंतर मी डिक्शनरीत बघितलं, रिलीजचं मूळ लॅटिन आहे, अर्थ सैल करणं, आणि रिलॅक्स हा शब्द पण तिथलाच. गाठ कोण सैल करतंय हेच तुम्ही बघायला सांगितलेलं की.

दुसरी गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीतच नसते. कर्ज फिटलं म्हणून सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा आपोआप जात नाही. बँकेचं पत्र जोडून तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्याकडं भाऊसाहेबच) नाहीतर ई-हक्कवर (ऑनलाइन) अर्ज द्यायचा, मग नमुना 6 ला, म्हणजे फेरफार नोंदवहीत, फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सोसायटीच्या इकराराचं (सोसायटीचं कर्ज काढताना जमिनीवर बोजा चढवायला आपण लिहून देतो तो कागद) पण असंच. गहाणखत रजिस्टर केलेलं असेल तर बँकेकडनं रिकन्व्हेयन्स डीड (गहाण सोडवून हक्क परत दिल्याचा दस्त) पण करून घ्यायचं, हे तुम्ही बजावून सांगितलेलं.

नवीन उतारा आलाय, इतर हक्कात बँकेचं नाव नाही. पप्पा आता भेटेल त्याला "सोडतंय कोण ते बघ" सांगत असतात.

आण्णा, रिटायर झाल्यावरसुद्धा कुणाच्याही कागदासाठी तुम्ही दुपारची झोप सोडून येता, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचा बोजा कमी करायचा राहिला असेल तर माझ्याकडं पाठवा, अर्ज मी लिहून देतो.