मावशी, वर्गातला निम्मा वाटा तुमचा

मावशी,

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात सगळे छान बोलले, वर्ग किती स्वच्छ असायचा, तुम्ही कधी उशिरा आला नाहीत वगैरे, आणि ते सगळं खरंच आहे, पण मला मात्र सारखं वाटत होतं की अरे मुख्य गोष्ट तर राहूनच गेली. बालवर्गातल्या पोरांना मी जे काही शिकवलं ना, त्यातलं निम्मं तुमच्यामुळे जमलंय. माइकवर बोलायला उभी राहिले असते तर रडूच आलं असतं, म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांनी वाचावं असं.

आधी तुमच्या त्या "थांबा"बद्दल. मी काही विचारलं आणि एखादं पोर नुसतं बघत राहिलं की तुम्ही मागून दारातूनच हात वर करायचात, म्हणजे थांबा टीचर, येतंय त्याच्या तोंडात. पुढे कधीतरी वाचनात आलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केलाय, १९७४ साली त्यांनी लिहिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण १ सेकंद थांबतात आणि पुढे जातात, तेच ३ सेकंद थांबले तर मुलं जास्त मोठी उत्तरं देतात, एरवी गप्प बसणारी पण बोलायला लागतात. मावशी, ३ सेकंद! तुम्ही तर मला त्याच्या कितीतरी पट थांबायला लावायचात.

ती खिडकीपाशी बसणारी आठवतेय ना, वर्गात चकार शब्द न बोलणारी? तुम्ही रोज तिला शेजारी घेऊन मणी निवडत बसायचात, बोल गं, सांग गं असलं काही नाही, नुसते लाल मणी लाल डबीत, निळे निळ्या डबीत. मग एकदा मी वर्गाला विचारलं आकाशात काय काय असतं, सगळ्यांनी सूर्य चंद्र तारे ढग असा कल्ला केला, मी तिच्याकडे बघितलं आणि तुमचा हात वर. थांबले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "खूप जागा असते." मला काय बोलावं सुचेना, तेवढ्यात मागून एकजण ओरडला "आणि विमान!" आणि ती इतकी खळखळून हसली की तुम्ही डोळ्याला पदर लावला, मी बघितलं होतं.

असलं काहीतरी रोज चालायचं नाही का आपल्याकडे. हजेरीला मित्राचं नाव आलं की "हजर! पण तो घरी आहे" असं सांगणारा, किंवा पडलेला दात मुठीत घेऊन आलेली ती, जिला तो डिंकाने परत चिकटवून हवा होता. आणि तो ३ उलटा काढणारा! त्याचा ३ कायम ६ व्हायचा, मी विचारलं हे काय लिहिलंस, तर म्हणे "तीनच आहे टीचर, तो तिकडे बघतोय." या वयात कितीतरी मुलं अक्षरं आकडे उलटे काढतात, त्यात काळजीचं काही नसतं, कारण कपाचा कान डावीकडे असला काय नि उजवीकडे असला काय, कप तो कपच, एवढंच मेंदूला आत्तापर्यंत माहीत असतं, मग ३ नेच तोंड फिरवलं की त्याचं नाव का बदलायचं? पोराचं लॉजिक एकदम बरोबर होतं. पालक घाबरले होते तेव्हा तुम्ही गेटवरच त्यांना म्हणालात, "वळेल हो तो, आपणहून वळेल." आणि वळला की!

क्लेवरून झालेलं भांडण तर मी ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येक नव्या टीचरला सांगते. दोघांना सारखेच गोळे दिलेले, तरी एकाचं रडणं की मला कमी दिलं. मी आपली दोन्ही शेजारी ठेवून सारखे आहेत बघ म्हणून समजावतेय, आणि तुम्ही येऊन त्याचा गोळा तळहाताखाली घेऊन लांबच लांब साप करून दिलात, रडणं बंद, "आता माझं जास्त!" मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की लहान मुलांना लांब दिसतं ते जास्त वाटतं, मी ते परीक्षेपुरतं पाठ केलेलं होतं, खरं कळलं ते त्या सापामुळे. मग अर्थातच दुसऱ्यालाही साप हवा झाला आणि त्या दिवशी वर्गभर सापच साप झाले, अक्षरं राहिली बाजूला, पण काय मजा आली होती.

आणि एक गोष्ट जी कुणालाच दिसली नाही. एखाद्याची चड्डी ओली झाली की तुम्ही लांबूनच म्हणायचात, "चल रे, मला जरा मदत हवीय," आणि दहा मिनिटांनी तो कोरडा होऊन, हातात खडूचा डबा घेऊन ऐटीत परत यायचा. अख्ख्या वर्गाला वाटायचं मावशींनी याला कामाला निवडलं, बाकीचे हेवा करायचे! या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

खूप खूप थँक्यू मावशी. गुडघ्यांची काळजी घ्या, आता तरी जमिनीवर बसून कामं करू नका.

मुलांना सांगितलं मावशींना पत्र लिहितेय, काय कळवू? तर निरोप असे आहेत: नवीन मावशींना नाडी नीट बांधता येत नाही. माझी उंची वाढली, तुम्ही येऊन बघा. आणि शेवटच्या बाकावरच्याने खूप विचार करून (मी थांबले होते!) सांगितलंय की तुम्हाला सुट्टी लागलीय ती कधी संपणार ते विचारा.

तुमचीच,
टीचर