चौकटीला भाव, आतल्या आजोबांना नाही

मा. संस्कृती मंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत टपालाने पाठवली आहे. मराठीत अशासाठी, की ज्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकांत जुने घरगुती फोटो पडलेत, त्या इंदूरकरांनीही ते वाचावं.

राजघराण्याचं बरं असतं. दुसऱ्या यशवंतराव होळकरांचे फोटो पॅरिसला नावाजलेल्या मॅन रेने काढले, तैलचित्रं फ्रेंच चित्रकार बुते द मोंव्हेलने रंगवली. छायाचित्रकार लाला दीनदयाळ इथेच इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. दुसऱ्या तुकोजीरावांच्या आश्रयाने कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपल्या जातात. त्यांची मला चिंता नाही.

चिंता आहे ती रामबाग, नारायण बाग या वस्त्यांतल्या घरांच्या भिंतींवरच्या फोटोंची. वाडा पाडून फ्लॅट व्हायचे ठरले की आवराआवर होते, भंगारवाला येतो. फोटोच्या सागवानी चौकटीला भाव मिळतो, आतल्या आजोबांना नाही. त्या एका मुंजीच्या फोटोत किती काय असतं! कोणाच्या डोक्यावर पगडी, कोणाच्या टोपी. पुढच्या रांगेत खुर्चीवर कोण आणि जमिनीवर कोण. विधवा आत्या फोटोत आहे की नाही. होळकर दरबारच्या दप्तरात यातलं काही सापडायचं नाही. (आत्या बहुधा नसतेच.) चित्रांचंही तेच. इंदूरच्या चित्रकला शाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे, हुसेन शिकले, त्यांची चित्रं जगभर गेली. पण त्याच वर्गातल्या बाकीच्यांची स्केचेस कुठल्या कपाटात आहेत, कोण विचारतो?

मला नवं संग्रहालय नको. होळकरांचा लालबाग राजवाडा तुमच्याच खात्याकडे आहे. तिथे एक खोली, एक चांगला स्कॅनर आणि मराठी समजणारी दोन माणसं द्या. मूळ फोटो घरच्यांकडेच राहू दे, नाहीतर कोणी आणणार नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन तर कोणाला करूच देऊ नका. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आणि सर्वात आधी नावं लिहून घ्या. स्कॅनिंग पाच वर्षांनी झालं तरी चालेल. डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणाऱ्या नव्वदीच्या आजी तोवर थांबणार नाहीत. नावाशिवाय हजारो स्कॅन जमवून सरकारी हार्ड डिस्क तेवढी भरेल.

गणपतीत बाहेरगावची मुलंबाळं घरी येतात, ट्रंका उघडतात, आजीही खुशीत असते. शिबिरं त्याच दिवसांत ठेवा. त्यासाठी आदेश जूनच्या आत निघायला हवा. खात्याची गती आम्हाला माहीत आहे.

आपली नम्र,
इंदूरची एक रहिवासी